शाळा सोडल्याचे कारण

(ज्युबिलीच्या निमित्ताने बारामती व इंदापूर येथील ख्रिस्ती बंधुभगिनींपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीचा दिवस हा आनंदाचा दिवस होय, व तो आपण आनंदाने साजरा करीत आहोत हे योग्यच आहे. तथापि, ज्या ग्रंथातून ज्युबिलीची कल्पना आपणांस मिळाली, त्या लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायाकडे आपण वळलो तर असे दिसते की, इस्राएल लोकांचे ते पन्नासावे वर्ष केवळ कर्णा फुंकण्याचे वर्ष नव्हते. त्या वर्षी गहाण पडलेले वतन मूळ धन्याकडे परत जावयाचे, दास्यात गेलेला बांधव मोकळा व्हावयाचा, व जो तो आपल्या घराण्याकडे परतावयाचा, अशी देवाची आज्ञा होती. म्हणजे, आपल्यापैकी कोण बाहेर गेला आहे व तो परत आला की नाही, हा प्रश्न त्या उत्सवाच्या पोटात होता. हाच प्रश्न आज आपल्या शाळेविषयी विचारावा, असे मला वाटते.

शाळा प्रत्येक मुलाच्या हाती प्रगतिपुस्तक देते. परंतु शाळेचे प्रगतिपुस्तक कोणी लिहावे? अलीकडे सरकारनेही हा प्रश्न मनावर घेतला आहे. 2015 साली ‘शाळा सिद्धी’ नावाची योजना देशभर सुरू झाली. तीत इमारत व साधने, अध्यापन, मुलांची प्रगती, शिक्षकांची तयारी, शाळेचा कारभार, सर्वांचा समावेश व सुरक्षितता, आणि समाजाचा सहभाग अशी सात क्षेत्रे ठरवून दिली असून प्रत्येक शाळेने आपणच आपली पातळी ठरवावी व सुधारणेचा आराखडा मांडावा अशी अपेक्षा आहे. ही पद्धत आपणां कॅथलिकांस नवखी वाटू नये. संत इग्नातियस यांनी आपल्या अनुयायांस रोज सदसद्विवेकाची परीक्षा करण्याचा नियम घालून दिला होता; जे एका माणसाने रात्री निजण्यापूर्वी करावयाचे, तेच एका शाळेने वर्षाच्या अखेरीस करावयाचे, इतकेच.

परंतु परीक्षा करावयाची ती कोणत्या वहीवरून? निकालपत्रक सर्वांच्या नजरेसमोर असते. गुणवंतांची नावे फळ्यावर झळकतात, व ती झळकावीत हेही खरे. मी मात्र आज आपले लक्ष दुसऱ्या एका वहीकडे वेधू इच्छितो. प्रत्येक शाळेत जनरल रजिस्टर नावाची एक जाडजूड वही असते. तीत मुलाचे नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा दिवस, शाळा सोडल्याचा दिवस, असे रकाने असतात. आणि शेवटाकडे एक अरुंद रकाना असतो: ‘शाळा सोडल्याचे कारण’. या रकान्यात बहुधा दोनतीनच शब्द पुनःपुन्हा येतात. ‘पालकांच्या अर्जावरून’, ‘स्थलांतर’, ‘सतत गैरहजर’. हे शब्द खोटे नसतात, पण ते कारणेही नसतात. पालकांनी अर्ज का केला? मूल सतत गैरहजर का राहिले? कोणाचे लग्न ठरले, कोणी वीटभट्टीवर गेला, कोणास धाकट्या भावंडाला सांभाळावयाचे होते, कोणास सातवीत येऊनही सरळ वाचता येत नव्हते व तो लाजेने येईनासा झाला. हे सारे त्या अरुंद रकान्यात मावत नाही, म्हणून ते लिहिले जात नाही. आणि लिहिले न गेल्यामुळे ते कोणाच्याही हिशेबात येत नाही.

याचा परिणाम काय होतो तो एका साध्या उदाहरणाने पाहू. समजा, एखाद्या शाळेत एका वर्षी पहिलीच्या वर्गात चाळीस मुले बसली. दहा वर्षांनी त्यांपैकी पंचवीस दहावीस बसली व चोवीस उत्तीर्ण झाली. निकाल शेकडा शहाण्णव लागला, असे आपण म्हणू व पेढे वाटू. परंतु त्याच चाळीस नावांवरून हिशेब केला तर निकाल शेकडा साठच लागतो. दोन्ही आकडे खरेच आहेत. पहिला आकडा परीक्षेस बसलेल्यांचा, दुसरा शाळेच्या स्वाधीन केलेल्यांचा. ज्या पंधरांची नावे गळाली त्यांपैकी काही दुसऱ्या गावी दुसऱ्या शाळेत सुखाने शिकत असतील. ती हरवली नव्हेत. पण नेमकी किती, हे चौकशी केल्यावाचून कोणास सांगता येईल?

आपल्या प्रभूने सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त आपणां सर्वांस तोंडपाठ आहे. बारामती-इंदापूरच्या माळावर मेंढपाळ धनगर बांधव आजही मेंढरे राखतात, तेव्हा तो दृष्टान्त समजावून घेण्यास आपणांस दूर जावयास नको. एक मेंढरू हरवले हे त्या मेंढपाळास कळले कसे? त्याने संध्याकाळी मोजणी केली होती म्हणून. नव्व्याण्णव मेंढरे समोर असता, जे समोर नाही ते मोजणे, हे खऱ्या मेंढपाळाचे लक्षण. शेकडा नव्व्याण्णव निकालावर समाधान मानणारी शाळा प्रभूच्या दृष्टान्तातील मेंढपाळाचे निम्मेच काम करते.

हा विचार मी आपल्या पदरचा सांगत आहे असे नाही. फ्रान्स देशात रीम्स शहरी 1680 च्या सुमारास संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांनी गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालविणाऱ्या बंधूंचा संघ स्थापिला. त्या काळी मुलांना प्रथम लॅटिन वाचावयास शिकवीत. त्यांनी मुलांच्या स्वभाषेतून वाचन सुरू केले. शाळा कशी चालवावी याविषयी त्यांनी जो ग्रंथ सिद्ध केला, व जो त्यांच्या मृत्यूनंतर 1720 साली छापला गेला, त्यात मुलांच्या गैरहजेरीचा विचार स्वतंत्रपणे केला आहे: मूल स्वतःच्या स्वभावामुळे येत नाही, की पालकांच्या गरजेमुळे, की शिक्षकाच्या वागणुकीमुळे, हे आधी ओळखावे व मग त्याप्रमाणे उपाय योजावा. 1950 साली बाराव्या पायस यांनी ज्यांना शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले, त्यांना गैरहजेरीचे कारण शोधणे हे अध्यापनाइतकेच महत्त्वाचे वाटले, ही गोष्ट ध्यानात धरण्यासारखी आहे.

आपल्या पुणे धर्मप्रांताचा इतिहासही हेच सांगतो. हा धर्मप्रांत 1886 साली तेराव्या लिओ यांनी स्थापिला. आपल्या तालुक्यांच्या उत्तरेस, भीमेपलीकडे, अहमदनगर जिल्ह्यात (आज त्यास अहिल्यानगर म्हणतात) जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनी त्याआधीच केंदळ येथून खेड्यापाड्यांत काम आरंभिले होते. तेथील शाळा म्हणजे मोठी दगडी इमारत नव्हे. एक मास्तर, एक फळा व झाडाची सावली. हाच मास्तर दिवसा अक्षरे शिकवी व सायंकाळी प्रार्थना सांगे. पुढे 1914 साली महायुद्ध पेटले. जर्मन धर्मगुरूंना प्रथम नजरकैदेत ठेवण्यात आले व नंतर त्यांतील बहुतेकांची मायदेशी रवानगी झाली. 1903 साली ‘निरोप्या’ मासिक सुरू करणारे व पुढे पुण्याचे महागुरुस्वामी झालेले हेन्री डोरिंग यांनाही कित्येक वर्षे येथे येता आले नाही; जपानातील हिरोशिमा येथे सेवा करून ते 1927 साली पुन्हा पुण्याच्या गादीवर आले. त्या कठीण काळात मागे राहिलेल्या देशी धर्मगुरूंवर व खेड्यांतील मास्तरांवर सारा भार पडला. मास्तरांचे बळ कशात होते? ते वस्तीत राहत, घरोघरी त्यांची ओळख असे, व कोणाचे मूल आज आले नाही आणि का आले नाही, हे त्यांना रजिस्टर न उघडता ठाऊक असे. आपली शाळा आता मोठी झाली, वर्ग वाढले, तुकड्या वाढल्या. म्हणूनच जे त्या मास्तरांस सहज ठाऊक होते, ते आता आपणांस मुद्दाम ठाऊक करून घ्यावे लागणार.

आता आपल्या भूमीकडे पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत नीरा डावा कालवा झाला, व त्याच्या पाण्याने बारामती व इंदापूर तालुक्यांतील काळी जमीन उसाखाली आली. 1930 नंतरच्या दशकात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने झाले. पण हे पाणी सर्वांच्या वाट्यास आले नाही. सुपे-मोरगावकडचा भाग पावसाच्या भरवशावरच राहिला, आणि कालव्याच्या शेपटाकडील शेतकरी आजही पाळीची वाट पाहत बसतो. या संपन्नतेची दुसरी बाजू दर वर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या दारी येऊन उतरते. बीड जिल्ह्यातून, पाथर्डी-शेवगावकडून, मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे येतात व पाचटाच्या कोप्या घालून राहतात. नवराबायको मिळून एक कोयता. पहाटेच्या अंधारात दोघेही फडात जातात. मागे कोपीवर कोण राहते? आठदहा वर्षांची एक मुलगी व तिच्या कडेवर धाकटे भावंड. गावाकडच्या शाळेत तिचे नाव असते. येथे ती कोणाच्याच हजेरीपटावर नसते. पाडव्याच्या सुमारास पट्टा पडतो, कुटुंब परतते, आणि तोवर तिचे निम्मे वर्ष बुडालेले असते. असे दोनतीन हंगाम गेले की तिकडच्या रजिस्टरात लिहिले जाते: ‘सतत गैरहजर’. पुढे तिचे लवकर लग्न होते, व तीच एका नव्या कोयत्याचा अर्धा भाग होते.

ही मुलगी आपल्या शाळेची नाही, असे कोणी म्हणेल. प्रश्न तोच आहे. कायद्याचे उत्तर प्रथम ऐकू. 2009 च्या बालशिक्षण हक्काच्या कायद्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या मुलास दाखला नाही म्हणून किंवा वर्ष अर्धे झाले म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, व त्यास त्याच्या वयाच्या वर्गात बसवून मागे राहिलेले शिकवावयाचे असते. राज्यात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोयही करण्यात आली आहे. परंतु 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की, हा कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांना, त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, लागू होत नाही. 1 सप्टेंबर 2025 रोजी त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी त्या निर्णयाविषयी शंका प्रकट करून तो प्रश्न मोठ्या पीठापुढे जावा असे म्हटले आहे. त्याचा निकाल काय लागावयाचा तो लागो. अल्पसंख्याकांस आपल्या शाळा आपल्या रीतीने चालविण्याचा जो हक्क राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने दिला, तो मोलाचा आहे व तो आपण जपलाच पाहिजे. पण हा हक्क आपणांस दार उघडण्यासाठी मिळाला आहे की लावून घेण्यासाठी? व्हॅटिकनच्या दुसऱ्या विश्वपरिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात कॅथलिक शाळांनी जे धनाने गरीब आहेत, ज्यांना कुटुंबाचा आधार नाही, व ज्यांना आपला विश्वास ठाऊक नाही, त्यांची विशेष काळजी वाहावी असे सांगितले आहे. कोपीवरची मुलगी त्या वर्णनात बसते की नाही, हे आपणच ठरवावे. कायद्याने आपणांस सूट दिली असेल. शुभवर्तमानाने दिलेली नाही.

यास्तव, ज्युबिलीच्या या वर्षी शाळेच्या सुधारणेचा जो आराखडा होईल, त्यात पुढील पाच गोष्टींचा विचार व्हावा अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट, मुलाचे नाव पटावरून कमी करण्यापूर्वी शाळेतील कोणीतरी त्याच्या घरी जाऊन यावे, व जे खरे कारण कळेल ते वेगळ्या वहीत सविस्तर लिहावे. वार्षिक स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक निकाल वाचतात, त्याबरोबर त्या वर्षी किती मुले गेली, किती दुसऱ्या शाळेत पोहोचली व किती कोठेच पोहोचली नाहीत, हेही वाचावे. नावे वाचू नयेत. कोणाच्या घरची अडचण चव्हाट्यावर आणण्याचा आपणांस अधिकार नाही. संख्या मात्र वाचावी.

दुसरी गोष्ट, तिसरीच्या प्रत्येक मुलाला एकेकटे जवळ बसवून मराठी वाचावयास लावावे. आणि हे काम त्या वर्गाच्या नव्हे तर दुसऱ्या वर्गाच्या शिक्षकाने करावे, म्हणजे भीडही राहणार नाही व दोषारोपही होणार नाही. जे मूल तिसरीत अडखळते ते सातवीत गळते. शाळेचे माध्यम कोणतेही असो, घरची भाषा ज्याला वाचता येत नाही त्याला दुसरी भाषा लवकर साधत नाही. 1579 साली गोव्यास आलेले फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज होते. तरी येथील लोकांसाठी त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले ते मराठीत, व ते 1616 साली छापले गेले. आणि बारामती तर मोरोपंतांची कर्मभूमी. या गावी मराठी वाचनाची उपेक्षा होऊ नये.

तिसरी गोष्ट, दिवाळीपासून पाडव्यापर्यंत कोपीवरच्या मुलांसाठी एक वर्ग चालवावा. आणि त्या वर्गाशेजारी एक पाळणाघर असावे. ही जोड अत्यावश्यक आहे, कारण कडेवरचे मूल कोठे ठेवावे याची सोय झाल्यावाचून मोठी बहीण वर्गात यावयाची नाही. आपल्या धर्मग्रामातील भगिनींनी पाळीपाळीने हे काम उचलले तर त्यास फार खर्च लागणार नाही. हंगाम संपताना प्रत्येक मुलाच्या हाती हजेरीचा व शिकविलेल्या भागाचा लेखी दाखला द्यावा, म्हणजे गावच्या शाळेत ती पुन्हा आरंभापासून सुरुवात करणार नाही.

चौथी गोष्ट शिक्षकांविषयी. घरोघरी जाणे, वाचन तपासणे, हे सर्व त्यांच्याकडूनच व्हावयाचे. तेव्हा त्यांच्या डोक्यावरील कागदपत्रांचा भार हलका करणे व त्यांना पोटापुरते वेतन वेळेवर मिळेल असे पाहणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य होय. कामकऱ्यास न्याय्य मजुरी मिळावी ही शिकवण तेराव्या लिओ यांनी 1891 च्या परिपत्रात साऱ्या जगास दिली. ती प्रथम आपल्या घरी पाळली जावी.

पाचवी गोष्ट द्रव्याची. ज्युबिलीच्या वर्गणीतून नवी खोली बांधावी, नवा मजला चढवावा, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे व गरज असेल तर ते अवश्य करावे. परंतु त्या वर्गणीचा एक ठराविक भाग, तो किती हे आपण सर्वांनी बसून ठरवावे, गळणाऱ्या मुलांसाठी बाजूला काढावा व त्याचा हिशेब दर वर्षी मंदिराच्या फलकावर लावावा.

यावर दोन आक्षेप येतील, व ते प्रामाणिक आहेत. कोणी म्हणेल, मागे पडलेल्या मुलांस धरून ठेवले तर निकाल खाली येईल, व फी भरणारे पालक आपली मुले दुसरीकडे नेतील. काही अंशी हे घडेलही. परंतु वर्षानुवर्षे ज्या शाळेत तिसरीतच मुलांस नीट वाचावयास येते, त्या शाळेचा दहावीचा निकाल दीर्घकाळ खाली राहत नाही. आणि पालकांस ही गोष्ट समजावून सांगितली तर त्यांतील बहुतेकांस ती पटेल, कारण कोणते मूल कोणत्या वर्षी मागे पडेल हे कोणत्याच आईबापास आधी ठाऊक नसते. दुसरा आक्षेप असा की, ऊसतोडीचा प्रश्न फार मोठा आहे, तो सरकारने व कारखान्यांनी सोडवावा. खरे आहे, आणि त्यांच्याकडे तसा आग्रह धरणे हेही आपले काम आहे. राज्य सरकारने अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची व 2021 साली संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना आखली आहे. तिची माहिती कोपीवर पोहोचविणे एवढे तरी आपल्या हाती आहे. मोठा प्रश्न सुटेपर्यंत समोरच्या वीस मुलांनी वाट पाहावी, असे मात्र कोणी म्हणू नये. त्यांचे बालपण तोवर थांबावयाचे नाही.

बंधुभगिनींनो, ज्यांनी ही शाळा उभारली, जे येथे शिकले, व ज्यांनी येथे शिकविता शिकविता आपले आयुष्य वेचले, त्या सर्वांचे आज आपण कृतज्ञतापूर्वक स्मरण करू या. त्यांच्या श्रमाचे फळ आपल्यासमोर बसलेले आहे. जे समोर बसलेले नाहीत त्यांची मोजणी या वर्षापासून सुरू करू या, आणि पुढील जून महिन्यात शाळा उघडेल त्या दिवशी त्या नव्या वहीचे पहिले पान लिहिले जावे. हे काम तडीस नेण्यास प्रभु येशू आपणांस सुबुद्धी व चिकाटी देवो, व पवित्र मारिया आपल्या शाळेवर व या दोन्ही तालुक्यांतील सर्व लेकरांवर आपल्या कृपेची छाया धरो, हीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.